मालकाने सांगितलं म्हणून आयएमईआय बदलला, तर गुन्हा कोणाचा?

‘ताई, नमस्कार. मी २२ वर्षांचा आहे. मोबाइल दुरुस्तीचा कोर्स करून एका दुकानात कामाला लागलो. सुरुवातीला डिस्प्ले, चार्जिंग जॅक, बॅटरी अशी कामं होती. आता मालक मला कॉम्प्युटरवर बसवतात. काही सेट फ्लॅश केल्यावर, म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर नव्याने टाकल्यावर, त्यांचा आयएमईआय (फोनची ओळख पटवणारा १५ आकडी नंबर) उडतो, तो परत टाकायचा असतो. पण काही सेट बिल नाही, बॉक्स नाही असे येतात आणि त्यांचा नंबर बदलून द्यायचा असतो. नवा नंबर मालक भंगारातल्या डेड सेटवरून काढून देतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “गिऱ्हाइकाची सही घेतलीय, जबाबदारी त्याची. तू पगारी माणूस, तुझं नाव कुठे येतंय?” असे बरेच सेट मी केलेत. मी वापरतो तो फोनही याच दुकानातून सेकंडहँड घेतलाय. हा गुन्हा असेल तर तो मालकाचा की माझा? काम सोडावं तर दोन महिन्यांचा पगार अडकलाय. पोलिसांत गेलो तर मलाच आत टाकतील का? घरी यातलं काही सांगितलेलं नाही.’
– नाव छापू नका

नमस्कार.

ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली असेल त्याचं उत्तर आधी देते. गुन्हा दोघांचाही आहे. मालकाने सांगितलं म्हणून तो तुमच्यावरून उतरत नाही, आणि तुम्ही केला म्हणून मालकावरूनही उतरत नाही. तुमच्या मालकाने तुम्हाला जे सांगितलं ते कायद्याच्या कसोटीवर एक मिनिटही टिकणारं नाही, आणि ते त्यांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. नाहीतर कॉम्प्युटरसमोरच्या त्या खुर्चीत त्यांनी तुम्हाला कशाला बसवलं असतं?

आता कायदा नीट समजून घ्या. दूरसंचार अधिनियम २०२३ मधलं कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू आहे. त्याच्या पोटकलम ३ मध्ये ‘दूरसंचार ओळख क्रमांकात फेरफार करणं’ हा स्वतंत्र गुन्हा आहे. उपकरणाची एकमेव ओळख पटवणारा कोणताही क्रमांक या व्याख्येत येतो, म्हणजे आयएमईआय आलाच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. याच कलमात पुढे असंही आहे, की गुन्ह्याला मदत करणाऱ्याला किंवा कटात सामील असणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे ‘फक्त सांगणारा’ आणि ‘फक्त करणारा’ असा फरक कायदा करत नाही.

हे काही काल-परवा आलेलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने तार अधिनियमाखाली खास आयएमईआयसाठी नियम काढले. उत्पादक सोडून इतर कोणीही हेतुपुरस्सर हा क्रमांक काढणं, पुसणं किंवा बदलणं बेकायदेशीर, असं त्यात स्पष्ट होतं. नोव्हेंबर २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत हीच मनाई पुन्हा आली. तुमच्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आयएमईआय बदलण्यासाठी तयार केलेलं हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर, ते कशासाठी आहे हे माहीत असताना वापरणं किंवा स्वतःच्या ताब्यात ठेवणं, हेही बेकायदेशीर आहे. त्या कॉम्प्युटरला लावलेलं नंबर बदलायचं उपकरण, म्हणजे तुमच्या धंद्यातला ‘बॉक्स’ किंवा डोंगल, आणि कामासाठी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर एखादं टूल उतरवून घेतलं असेल तर तेही, याच वाक्यात बसतं.

‘पगारी माणूस’ या मुद्द्याबद्दल आणखी एक सांगते. भारतीय न्याय संहितेत धाकामुळे केलेल्या कृत्याला सूट आहे, पण ती कधी? तत्काळ मृत्यूची भीती असेल तरच. नोकरी जाईल, पगार अडकेल, मालक चिडेल, ही भीती खरी असते हे मला कळतं, पण तिने ही सूट मिळत नाही. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा २००५ चा एक निकाल या विषयात नेहमी सांगितला जातो. एका कंपनीने ग्राहकांना स्वस्तात दिलेले, आपल्याच सेवेला जखडलेले हँडसेट प्रतिस्पर्धी कंपनीच्या लोकांनी आतला इलेक्ट्रॉनिक अनुक्रमांक बदलून आपल्या नेटवर्कवर चालवले, असा तो आरोप होता. न्यायालयाने मोबाइल हँडसेट हा संगणकच आहे असं म्हटलं आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६५ खालचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. त्या प्रकरणात न्यायालयात गेलेले आरोपी कंपनीचे मालक नव्हते, कर्मचारी होते.

गिऱ्हाइकाच्या सहीचं काय? ‘हा फोन माझाच आहे’ अशी सही घेतल्याने नंबर बदलणं कायदेशीर होत नाही. स्वतःच्या मालकीच्या, बिल असलेल्या, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या फोनचाही आयएमईआय बदलता येत नाही. गाडी स्वतःची असली तरी चेसिस नंबर घासून दुसरा ठोकता येत नाही, तसंच. उलट ती सही दुकानाच्या विरोधात जाते. फोन कोणाचा, हा प्रश्न दुकानाच्या मनात आला होता आणि तरीही काम केलं, एवढं त्या कागदावरून सिद्ध होतं.

आणि फोन चोरीचा निघाला तर वेगळी कलमं लागतात. न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तो चोरीचा आहे असं मानायला कारण असताना घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि असा माल लपवायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्यालाही तेवढीच. ‘मानायला कारण असताना’ हे शब्द लक्षात घ्या. बिल नाही, बॉक्स नाही, आणि आलेल्या माणसाला स्क्रीन दुरुस्त करायची नाही, बॅटरी बदलायची नाही, फक्त नंबर बदलून हवाय. न्यायाधीश विचारतील, यापेक्षा आणखी कोणतं कारण हवं होतं? तुम्ही पत्रात ‘बिल नाही, बॉक्स नाही’ हे स्वतःहून लिहिलंत. म्हणजे ते तुम्हाला खटकलं होतं.

हा नंबर लोकांना का बदलून हवा असतो, तेही बघा. फोन हरवला की फोनचा मालक पोलिसांत तक्रार करतो आणि तिची प्रत जोडून सीईआयआरवर, म्हणजे दूरसंचार विभागाच्या केंद्रीय नोंदवहीवर, फोन ब्लॉक करायला टाकतो. ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलबरोबर देशभर गेली. ब्लॉक झालेला फोन कोणत्याही कंपनीचं सिम घातलं तरी चालत नाही, आणि कोणी चालवायचा प्रयत्न केलाच तर त्याचा माग निघतो. चोराच्या हातात मग तुकड्यांच्या भावाने विकायचा माल उरतो. तो पुन्हा फोन म्हणून विकता यावा यासाठी एकच काम बाकी असतं, आणि ते तुमच्या टेबलावर येतं. ज्या बाईने किंवा ज्या विद्यार्थ्याने तो फोन हप्त्यांवर घेतला, ज्यात कोणाच्या गेलेल्या माणसाचे फोटो होते, त्यांना तो परत मिळण्याचा शेवटचा धागा तिथे तुटतो. हे तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे, कारण टेबलावर फक्त सेट दिसतो, ती माणसं दिसत नाहीत.

दुसरा माणूस तर त्याहून अदृश्य असतो. तुम्ही जो नवा नंबर टाकता तो हवेतून येत नाही. आयएमईआयचे १५ आकडे असतात. पहिले आठ त्या मॉडेलचे, पुढचे सहा त्या एकाच सेटचे, आणि शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून हिशेब करून काढलेला पडताळणीचा. म्हणजे खरा वाटेल असा प्रत्येक नंबर कुठल्यातरी खऱ्या फोनचा असतो किंवा असू शकतो. भंगारातला म्हणून जो सेट मालकाने दाखवला, त्याचा मदरबोर्ड, ज्यावर हा नंबर असतो, दुसऱ्या कोणी दुरुस्त करून विकला असेल तर? मग एका नंबरचे दोन फोन. एकाने गुन्हा केला की पोलीस दुसऱ्याच्या दारात. २०२० मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयवर १३ हजारांहून अधिक फोन चालत असल्याचं समोर आलं होतं. अशा गर्दीत खरा गुन्हेगार शोधायचा कसा?

आता तुमच्या पत्रातला तो भाग, जिथे मला तुमच्याबद्दल सहानुभूती वाटते. फ्लॅश करताना आयएमईआय उडणं हे खरोखर घडतं. सेट ‘इनव्हॅलिड’ किंवा शून्यं दाखवतो, सिम नेटवर्क पकडत नाही, आणि गिऱ्हाईक बिल घेऊन समोर उभं असतं. त्याचाच मूळ नंबर त्याच्याच फोनमध्ये परत लिहिणं आणि दुसऱ्याचा नंबर टाकणं यात नैतिकदृष्ट्या मोठं अंतर आहे, हे मला मान्य आहे. मूळ ओळख पुन्हा बसवणं हा ‘बदल’ नाही, असा युक्तिवाद वकील करूही शकेल. पण माझा सल्ला ठाम आहे. हे कामही दुकानात करू नका. हातातलं टूल तेच, कॉम्प्युटरमधली नोंद तशीच, आणि पोलीस आले की कोणत्या सेटमध्ये मूळ नंबर टाकला आणि कोणत्यात परका, हे सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर येणार. गिऱ्हाइकाला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवा. गिऱ्हाईक नाराज होईल, होऊ दे.

मदरबोर्ड बदलण्याचं तसं नाही. नंबर बोर्डवर असतो, त्यामुळे बोर्ड बदलला की नंबर आपोआप बदलतो. उत्पादकाने दिलेला, स्वतःच्या मूळ नंबरचा बोर्ड असेल तर त्यात फेरफार नाही. मात्र फोनचा नंबर आणि बॉक्सवरचा नंबर आता कायमचे वेगळे झाले. म्हणून जुना नंबर, नवा नंबर, तारीख आणि कारण लिहिलेलं दुरुस्तीचं बिल गिऱ्हाइकाला द्यायलाच हवं. आणि तो बोर्ड कुठून आला हे दुकानाला सांगता आलं पाहिजे. चोरीच्या फोनमधून उपटलेला बोर्ड असेल तर आपण फिरून पुन्हा कलम ३१७ वर आलो.

या धंद्यातले जुने लोक कधी कधी म्हणतात, ‘अरे, पूर्वी तर सरकारच आयएमईआय टाकून देत होतं.’ त्यात अर्धं सत्य आहे. २००९ मध्ये आयएमईआय नसलेले असंख्य स्वस्त हँडसेट बाजारात होते. ते बंद करण्याआधी, लोकांचं नुकसान होऊ नये म्हणून, सरकारच्या संमतीने नेमलेल्या केंद्रांवर त्यांना खरे क्रमांक बसवून देण्याची मोहीम झाली. नोव्हेंबर २००९ संपला आणि तसे फोन बंद करण्यात आले. त्या फोनना नंबर मुळातच नव्हता, आणि नवा नंबर अधिकृत साठ्यातला होता. तुमच्या दुकानात चालतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

आता पुढे काय करायचं?

उद्यापासून असा एकही सेट हातात घेऊ नका. मालकाला साध्या शब्दांत सांगा, की हे काम मी करणार नाही, बाकीची दुरुस्ती करतो. जमल्यास हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा आणि तो संदेश जपून ठेवा. वाद घालू नका, धमकी देऊ नका, ‘मी पोलिसांत जाईन’ असं तर अजिबात बोलू नका.

दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. घाबरून काही पुसू नका. कॉम्प्युटर फॉरमॅट करणं, रजिस्टरची पानं फाडणं, चॅट डिलीट करणं, हे सगळं पुरावा नष्ट करणं ठरतं आणि तो वेगळा गुन्हा आहे. मालकाने सांगितलं तरी करू नका. उलट मालकाने कोणते नंबर कोणत्या संदेशातून पाठवले, हे तुमच्या फोनमध्ये असेल तर ते राहू द्या. काम कोणाच्या सांगण्यावरून होत होतं हे दाखवणारा तुमच्याकडचा तो एकमेव कागद असेल.

पोलिसांत जावं का, हा प्रश्न मी टाळणार नाही, पण त्याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ इथे छापणं बेजबाबदारपणाचं होईल. तुम्ही जे सांगाल त्यात तुमच्या स्वतःच्या कृत्याची कबुली असणार आहे. म्हणून आधी वकिलाला समोर बसून सगळं सांगा, आकडे न लपवता. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन आहे. ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसांना, आणि काही वर्गांना उत्पन्न न बघताही, मोफत वकील मिळतो. तुम्ही त्यात बसता का ते तिथे विचारा. तुमचं वय, पगारी असणं, स्वतःहून थांबणं, स्वतःहून पुढे येणं, यांनी गुन्हा पुसला जात नाही. पण जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी न्यायालय या गोष्टी बघतं. ‘अजामीनपात्र’ या शब्दालाही लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. तो हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाच्या विवेकावर असतो, एवढाच. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असा कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ पासून तो बजावून सांगितला आहे. नोटीस आली तर गैरहजर राहू नका. आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे, हेही लक्षात असू द्या.

आता तुमच्या खिशातला फोन. *#०६# डायल करा. दोन सिमचा असेल तर दोन नंबर दिसतील. ते बॉक्स आणि बिलाशी जुळवा, अर्थात ते असतील तर. मग इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा, किंवा संचार साथीवर बघा. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असं आलं, तर तो फोन तुमच्याकडे असणंच अडचणीचं आहे, कारण फेरफार केलेला नंबर आहे हे माहीत असताना फोन जवळ बाळगणं हाही कलम ४२ खालचा गुन्हा आहे. ‘व्हॅलिड’ आलं तरी तेवढ्यावर थांबू नका. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, ते हातातल्या फोनचंच आहे का पाहा. पहिले आठ आकडे मॉडेलचे असल्यामुळे घाईत नंबर बदलणारा नेमका इथे सापडतो. मात्र त्याच मॉडेलचा नंबर चोरलेला असेल तर हीही तपासणी पुरत नाही. त्यासाठी दुकानाचं आयएमईआय लिहिलेलं बिल आणि आधीच्या मालकाचा पत्ता हवा. तुमच्याकडे ते नसतील तर मागा. शंका खरी ठरली तर तो फोन दुसऱ्याला विकू नका, दुकानमालकाला परत देऊन मोकळेही होऊ नका. तो कसा आणि कुठे जमा करायचा हे तुमचा वकील ठरवेल.

सेकंडहँड विकणाऱ्या दुकानांवर आता थेट जबाबदारीही आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली. फेरफार केलेल्या आणि प्रतिबंधित आयएमईआयची यादी सरकारने ठेवायची, आणि वापरलेल्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्याने व्यवहारापूर्वी ती पाहायची. त्यामुळे ‘आम्हाला काय माहीत’ हे तुमच्या मालकाचं उत्तर यापुढे चालणार नाही.

अडकलेल्या पगाराचं. केलेल्या कामाचा पगार अडवून धरायचा मालकाला हक्क नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत देणं चुकतं करावं लागतं. हजेरी, पगार जमा झाल्याच्या जुन्या नोंदी, दुकानातल्या कामाचे संदेश हे एकत्र करा, लेखी मागणी करा, आणि न दिल्यास कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. मात्र वकिलाशी बोलून झाल्यावरच. दुकानात नेमकं काय काम करत होता हा प्रश्न त्या अर्जावरही येऊ शकतो. आणि स्पष्टच सांगते, दोन महिन्यांच्या पगारासाठी तिसरा महिना त्या खुर्चीत काढू नका.

घरी मात्र आजच सांगा. नोटीस आली किंवा दारात पोलीस आले आणि तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळलं, तर वकील शोधण्यापासून जामीनदार उभा करण्यापर्यंत सगळं त्यांना गोंधळलेल्या मनाने करावं लागेल. जामीनदार बहुतेक वेळा घरातलाच माणूस असतो.

पुढचं दुकान शोधाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, इथे ‘आयएमईआय रिपेअर’ची कामं घेता का? उत्तर ‘हो’ असेल तर तिथे थांबू नका. बोर्डावरचा शॉर्ट शोधणं, आयसी बदलणं, पाण्यात पडलेल्या सेटमधला डेटा काढून देणं, या कामांना सगळीकडे मागणी आहे आणि ती चांगली येणारे हात थोडे आहेत. तुमचा कोर्स झालेला आहे. चिप-लेव्हलचं काम शिकवणारा, प्रत्येक सेटचं बिल फाडणारा उस्ताद शोधा.